न्यूयॉर्कची गाडी सॅन फ्रान्सिस्कोत विकताना नंबर प्लेटचं काय करायचं?

तुमची गाडी न्यूयॉर्कला नोंदवलेली. देशभर फिरून ती सॅन फ्रान्सिस्कोत विकायची आणि तिथूनच कायमचं मुंबई गाठायचं. गिऱ्हाईक म्हणतंय, "प्लेट राहू द्या, घरापर्यंत चालवत नेतो."

अजिबात राहू देऊ नका. आपल्याकडे नंबर गाडीचा असतो. कॅलिफोर्नियातही साधी प्लेट गाडीबरोबरच जाते, त्यामुळे तिथल्या माणसाला यात वावगं वाटत नाही. पण न्यूयॉर्कची प्लेट मालकाकडे राहते आणि त्याने ती डीएमव्हीला (तिथल्या आरटीओला) परत करायची असते. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या) पुलांवर टोल रोखीत घेत नाहीत, कॅमेरा नंबर वाचतो. गाडी दुसऱ्याची झाली तरी बिल तुमच्याच पत्त्यावर येणार. गाडी न्यायला गिऱ्हाइकाला कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीतून तात्पुरतं परमिट घेता येतं. बाहेरच्या राज्यातली गाडी म्हणून चासी नंबरची तपासणी आणि स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) लागेल, हे त्याला आधीच सांगा. सौदा ऐनवेळी तिथेच अडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: विमा आधी बंद करू नका. प्लेट परत गेल्याशिवाय विमा थांबला तर न्यूयॉर्क तो खंड धरतं. दंड पहिले 30 दिवस रोज 8 डॉलर, पुढचे 30 दिवस 10, त्यानंतर 12. खंड 90 दिवसांच्या वर गेला तर लायसन्सही निलंबित होतं. भारतात बसून हे निस्तरणं फार जिवावर येतं.

म्हणून व्यवहार झाला की तिथेच स्क्रू-ड्रायव्हर काढा. पुढची-मागची दोन्ही प्लेट उतरवा (स्क्रू गंजलेले असतात, आदल्या दिवशी तेल सोडून ठेवा). काचेवरचा रजिस्ट्रेशनचा स्टिकर खरवडून काढा, इन्स्पेक्शनचा मात्र राहू द्या. ई-झीपासही (टोलचा टॅग, आपल्या फास्टॅगसारखा) काढून घ्या. प्लेट परत करण्याचा पीडी-7 फॉर्म भरून प्लेट न्यूयॉर्कच्या डीएमव्हीला ट्रॅकिंगच्या टपालाने पाठवा. विक्रीच्या कागदाची सही केलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.

प्लेट जमा झाल्याची पावती म्हणजे एफएस-6टी. त्यासाठी अमेरिकेतल्या भरवशाच्या मित्राचा पत्ता द्या. त्याने पावतीचा फोटो पाठवला की मगच विमा कंपनीला कळवा. उरलेल्या हप्त्याचा परतावा येईपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका.