प्रश्न तुमचे, उत्तर बालरोगतज्ज्ञांचं: क्लिनिक टाकू की लसीकरणात जाऊ?

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी बालरोगात एमडीच्या शेवटच्या वर्षाला आहे, लातूरची. घरच्यांनी क्लिनिकसाठी मेन रोडला गाळा बघून ठेवलाय. मला मात्र लसीकरण, सार्वजनिक आरोग्य यातच काम करायचंय. सगळे म्हणतात एवढी वर्षं शिकलीस ती काय डोसांचे तक्ते भरायला? शिक्षण खरंच वाया जाईल का, आणि पैशाचं काय?

उत्तर: तुला तू म्हणते, राग मानू नकोस. माझ्यासाठीपण गाळा बघितलेला होता, आणि एमडी झाल्यावर मी चार वर्षं एका खाजगी हॉस्पिटलात कामही केलं. मग का सोडलं ते सांगते.

एका डिसेंबरात रात्री सहा वर्षांचा मुलगा आणला, मान दोन्ही बाजूंनी सुजून खांद्यात गेलेली, तोंड उघडलं तर घशात राखाडी पडदा, चिकटलेला, जरा हलवायला गेलं की रक्त. घटसर्प. पुस्तकात दहा वेळा वाचलेला पण इतका साफ समोर कधी बघितला नव्हता. अँटीटॉक्सिनसाठी, म्हणजे त्याचं विष मारणाऱ्या औषधासाठी, फोनाफोनी करण्यात दीड दिवस गेला, शेवटी मिळालं, घशाची सूज उतरली, पोरगं उठून बसलं, बिस्कीट मागायला लागलं, आम्हाला वाटलं सुटला. दहाव्या दिवशी पहाटे हृदयाचे ठोके बिघडले आणि गेला. घटसर्पाचं विष हृदयाला धरतं हे मला माहीत होतं, तरी काही करता आलं नाही.

त्याच्या आईनं प्लास्टिकच्या पिशवीतून लसीकरणाचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस वेळच्या वेळी, तारखा सिस्टरच्या स्वच्छ अक्षरात. दीड वर्षाच्या बूस्टरचा चौकोन कोरा. पाच वर्षांचा कोरा. दोन्ही हंगामांत घर ऊसतोडीला गेलेलं. ती म्हणाली, "मॅडम, फडावर कुणी आलंच नाही ओ, आलं असतं तर दिला नसता का डोस?" मी तिला काय उत्तर देणार होते? मला येत होतं ते सगळं मी त्या पोरावर केलं होतं, आणि ज्या दिवशी काही करता आलं असतं तो दिवस साडेचार वर्षांपूर्वी कुठल्यातरी कारखान्याच्या रानात, कोप्यांच्या रांगेत निघून गेला होता. ते दोन कोरे चौकोन भरायचं काम कुणाचं, ह्याच विचारानं मी लसीकरणाच्या कामात आले आणि तेच तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे. कार्डावरचा कोरा चौकोन वाचायला बालरोगतज्ज्ञाचेच डोळे लागतात, कारण त्यातून पुढे काय होतं ते आपण वॉर्डात बघितलेलं असतं.

आता वाया जाण्याचं. पोलिओचंच घे. भारतात निसर्गातल्या मूळ विषाणूची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची दोन वर्षांची मुलगी, आणि २७ मार्च २०१४ ला आपला सगळा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. लोकांना वाटतं विषय संपला. पण आजही पंधरा वर्षांच्या आतल्या कुठल्याही पोराचा हातपाय अचानक लुळा पडला की त्याची नोंद होते, चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घ्यायचे असतात, लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि थंड ठेवून लॅबला पाठवायचे. पोराचा पाय खरंच लुळा आहे की दुखतोय म्हणून टेकवत नाही, हे चटईवर बसून गुडघ्यावर हातोडी मारून कोण ठरवणार? तूच. लस दिल्यावर दोन दिवसांत बाळ गेलं आणि गाव खवळलं की जिल्ह्याची समिती बसते, त्यात बालरोगतज्ज्ञ लागतोच. बाळाला शेवटचं दूध कधी पाजलं, कुठे झोपवलं, आदल्या दिवशी सर्दी होती का, त्याच सेशनला बाकीच्या बाळांना काही झालं का, हे सगळं आईच्या समोर बसून हळू विचारावं लागतं. माझ्या मते आपल्या कामात ह्याच्याइतकं अवघड दुसरं काही नाही, आणि इथे घाईनं "लसीमुळे नाहीच" म्हणणारा डॉक्टर पुढच्या दहा वर्षांचं नुकसान करून जातो.

२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली ते आठवत असेल. पहिला डोस नऊ महिने भरल्यावर, पण पेशंटमध्ये त्याच्याही आतली बाळं दिसायला लागली. तेव्हा केंद्रानं सांगितलं की जिथे नऊ महिन्यांच्या आतल्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर आहे तिथे सहा महिने पूर्ण झालेल्यांनाही एक जादा डोस द्या, आणि तो नेहमीच्या दोन डोसांत मोजायचा नाही. हे कुठून कळतं? वॉर्डातल्या पोरांची वयं कुणीतरी नीट लिहिली म्हणून. तक्ते तक्ते म्हणतात ते हेच गं.

आणि डॉ. एम. के. भान. बालरोगतज्ज्ञ, दिल्लीच्या एम्समधले. तिथल्या नवजात बाळांमध्ये जुलाब लावणाऱ्या रोटा विषाणूचा एक प्रकार सापडला, जो बाळांना होत होता पण जुलाब लागत नव्हते. तोच धागा धरून पुढे भारतातच रोटाची लस तयार झाली, त्याला तीस वर्षांच्या आसपास लागली, २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात यायला लागली. हे शिक्षण वाया गेलं असं कोण म्हणेल?

पैशाचं खरं सांगते, चाललेल्या क्लिनिकएवढे मिळत नाहीत. कंत्राटी असशील तर करार पुढे वाढेल का ही धाकधूक दरवर्षी, पगार कधी लांबतो, आणि बदली नको तेव्हाच होते. घरी आधीच बोलून घे, भांडण नंतर करण्यापेक्षा. वाटा बऱ्याच आहेत. बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष जिल्ह्याच्या किंवा उपजिल्हा रुग्णालयात मनापासून कर. नंतर सरकारी सेवा, मेडिकल कॉलेज, नाहीतर जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षणाच्या कामात सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर म्हणून जाता येतं, त्यात गाडीतच आयुष्य जातं पण शिकायला जे मिळतं ते कुठे नाही. साथरोगशास्त्र नीट शिकायचं असेल तर चेन्नईला आयसीएमआरची संस्था आहे, मुंबईत टिसला, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, एमपीएच ही सार्वजनिक आरोग्याची पदवी आहे. आणि एक कर, आठवड्यातून एक ओपीडी सोडू नकोस. पोरांना हात लावणं थांबलं की आकडे कोरडे व्हायला लागतात, माझं दोन वर्षं झालं होतं तसं.

प्रश्न: आम्ही बीड जिल्ह्यातले, कोयत्यावर जातो. मुलीला दीड महिन्याचा डोस दिला, मग कर्नाटकात गेलो, आता ती सात महिन्यांची आहे. गावातला एक जण म्हणतो आता पहिल्यापासून सगळं करावं लागेल, म्हणून बायको नको म्हणते. काय करावं?

उत्तर: दादा, पहिल्यापासून काही करायचं नाही. दिलेला डोस फुकट जात नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चालू. उद्याच जवळच्या आरोग्य केंद्रात न्या, दुसरा डोस घ्या, चार आठवड्यांनी तिसरा, आणि नऊ महिने भरले की गोवर-रुबेलाचा विसरू नका. पुढच्या हंगामात कार्ड पिशवीत सोबत ठेवा आणि फोनमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवा. कारखान्याजवळच्या कुठल्याही सरकारी केंद्रात डोस मिळतो, फुकट मिळतो, परराज्यातसुद्धा, "तुम्ही इथले नाही" म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. मुकादमाला निघायच्या आधीच सांगून ठेवा की टोळीत पाच वर्षांखालची किती पोरं आहेत ते तिथल्या आशाताईला कळव. तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत, वहिनींना माझा निरोप सांगा.

प्रश्न: मी आशा आहे, नंदुरबारकडच्या पाड्यावर. आया म्हणतात तुमच्या लसीनं ताप येतो, खाजगीतली बिनतापाची चांगली. आणि कधी कधी एकच बाळ येतं, मग गोवराची बाटली फोडायची की नाही यावरून वाद होतो.

उत्तर: ताई, ताप येतो हे आधीच सांगा, लपवू नका. सरकारी पेंटात, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीत, डांग्या खोकल्याचा जो भाग आहे तो अख्ख्या जंतूपासून केलेला, म्हणून ताप जास्त, एखाद दोन दिवस. पण त्याचं संरक्षण खाजगीतल्या कमी तापाच्या लसीपेक्षा जास्त टिकतं असंच दिसून आलंय. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे किती ते सिस्टरकडून आईला तिथेच मापून दाखवा, सुजेवर काही चोळू नका म्हणा, अंगावर पाजत राहा म्हणा, आणि संध्याकाळी त्या घरावरून एक चक्कर मारा. ती चक्कर दहा भाषणांपेक्षा कामाची. बाळ सारखं किंचाळतंय, सुस्त झालंय, झटका आला, तर लगेच डॉक्टर.

बाटलीचं म्हणाल तर एका बाळासाठीसुद्धा फोडायची. गोवराची लस तिच्यासोबत येणाऱ्या पाण्यात कालवल्यावर चार तासच चालते, उरलेले डोस जातील, जाऊ देत. ते बाळ महिनाभर परत आलं नाही तर? पाड्यावरून दोन डोंगर उतरून आई आलेली असते.

आणि एक, तुमच्या पत्रात नाही पण राहवत नाही म्हणून. सकाळी लसी न्यायचा थंड डबा (कॅरियर) भरताना आईसपॅक फ्रीजरमधून काढून थेट घालू देऊ नका. बाहेर ठेवायचे, घाम फुटू द्यायचा, कानाजवळ धरून हलवायचा, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच घालायचा. पेंटा, कावीळ ब ह्या लसी गोठल्या की मेल्या, आणि बाटलीच्या लेबलवरचा रंग बदलणारा चौकोन उष्णता दाखवतो, गोठलेलं दाखवत नाही. उन्हाची काळजी सगळेच घेतात, लस बर्फानं मरते हे कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: मी सांगलीची, दहावीत आहे. लहान मुलांची डॉक्टर व्हायला किती वर्षं लागतात?

उत्तर: बारावी सायन्स, नीट ही प्रवेश परीक्षा, मग इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, पुन्हा एक प्रवेश परीक्षा, मग एमडीची तीन. मधली तयारी, बाँड धरलं तर आजपासून बारा-तेरा वर्षं धर. तुमच्या आरोग्य केंद्रात लसीकरण कधी असतं ते विचार, आईला घेऊन जा आणि सिस्टरना विचारून एक सकाळ तिथे बस. इंजेक्शनकडे बघू नकोस, रडणारी बाळं आया कशा शांत करतात ते बघ आणि मला लिहून पाठव.