भूमिका वठली आणि झाड वठलं

साताऱ्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. पोवई नाक्यावर चहा घेताना तिघा मित्रांत सयाजी शिंदेंच्या कामावरून वाद पेटला. 'घर बंदूक बिरयानी'तला पल्लम भारी की 'शूल'मधला बच्चू यादव, हा मूळ मुद्दा. त्यात एकजण म्हणाला, "काही म्हणा, पल्लमची भूमिका मस्त वठलीय." दुसऱ्यानं लगेच धरलं, "वठतं ते झाड. वठली म्हणजे वाळली. तू कौतुक करतोयस का नावं ठेवतोयस?" तिसऱ्याचं म्हणणं पडलं की शब्द 'वटली' असणार, चेक वटतो तसा. सिनेमाचा वाद बाजूलाच राहिला. आता तिघांना हवंय ते एवढंच की बरोबर कोण, आणि म्हणायचं काय, 'वठली' की 'वठवली'?

पहिले मित्र बरोबर आहेत. पण दुसऱ्यांची शंका मला फार आवडली, कारण ती कानानं विचारलेली शंका आहे. एकच क्रियापद एका वाक्यात मरण सांगतं आणि दुसऱ्या वाक्यात जिवंतपणा, हे खटकायलाच हवं.

आधी झाडाकडचं वठणं बघू. कपडे वाळतात, मिरच्या वाळतात, गवत वाळतं. ती वठत नाहीत. वठतं ते झाड. खोड उभं असतं, फांद्याही जागेवर असतात, पण वळवाचे दोन पाऊस होऊन गेले तरी पालवी फुटत नाही. दुष्काळी माण-खटावकडच्या माणसाला हे वठणं समजावून सांगावं लागत नाही. उपमेनं आपण माणसालाही ते लावतो. थोरला मुलगा गेल्यापासून म्हातारा वठत गेला, असं म्हणतो.

दुसरं वठणं उमटण्याचं आहे. चित्र हुबेहूब वठतं. मूर्तीच्या चेहऱ्यावर भाव वठतो. भूमिका वठते ती याच अर्थानं. मनात जे होतं, किंवा मूळ माणूस जसा होता, तसंच्या तसं समोर उतरलं. 'वठणीवर येणे' मी याच बाजूला बसवतो. पोरगं वठणीवर आलं म्हणजे ते वाळून गेलं नाही, जसं असायला हवं तसं झालं.

ही दोन वठणी वेगळी आहेत हे पटवायला मला कोश उघडावा लागत नाही, व्याकरणच साक्ष देतं. भूमिकेच्या वठण्याला प्रयोजक रूप आहे: नटानं भूमिका वठवली. झाडाच्या वठण्याला ते नाही. उन्हानं झाड वठवलं, असं कुणी बोलत नाही. झाड आपलं आपण वठतं, त्याला वठवणारा कर्ता मराठीनं ठेवलेलाच नाही. दुसरी खूण याहून गमतीची. 'सयाजींची भूमिका वठली' हे कौतुक. 'सयाजी वठले' म्हणून बघा! भूमिकेच्या जागी नट ठेवला की अर्थ तडक झाडाकडे पळतो. म्हणजे दुसऱ्या मित्रांना जो अर्थ ऐकू आला तो खोटा नव्हता, फक्त तो त्या वाक्यात नव्हता. आणि ज्या माणसानं 'सह्याद्री देवराई'तून उघड्या माळांवर झाडं जगवायचा ध्यास घेतला, त्याच्याच नावावरून हा वाद व्हावा, याचं मला मनापासून अप्रूप वाटलं.

तिसऱ्या मित्रांचं 'वटणं' पैशाचं आहे. हुंडी वटते, चेक वटतो, कागदाचे पैसे हातात येतात. भूमिकेला ते चालत नाही. लिहिताना ठ चा ट होतो आणि छापील मजकुरातही 'भूमिका वटवली' दिसतं. ते चूकच धरावं.

आता 'वठली' की 'वठवली'. दोन्ही शुद्ध, पण मी ती एकमेकांच्या जागी वापरणार नाही. 'वठवली' म्हटलं की श्रेय नटाला जातं, त्याची मेहनत दिसते. 'वठली' म्हटलं की नट बाजूला होतो आणि भूमिकाच समोर येते. कथा, संवाद, कपडे, कॅमेरा असं सगळं जमून येतं तेव्हा 'वठली'. एरवी सिनेमा पडला, पण एकट्यानं तोलून धरला, तर तिथं 'वठवली' म्हणा.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण तुमच्या वादात ज्या भूमिका आहेत त्यांना एकच क्रियापद पुरत नाही. सयाजी शिंदे सातारा जिल्ह्यातले. २००० साली आलेल्या 'भारती' या तमिळ चित्रपटात त्यांनी महाकवी सुब्रह्मण्य भारतींची भूमिका केली. भारती १८८२ ते १९२१ या काळातले. पांढरा फेटा, काळा कोट, पिळदार मिशा, हे त्यांचं रूप तमिळनाडूत घरोघरी ओळखीचं. तिथं मूळ माणूस लोकांच्या डोळ्यांपुढे आधीच उभा होता. नटाचं चित्र त्या चित्राशी जुळतं का, हे प्रेक्षक क्षणोक्षणी ताडून बघणार. अशा जागी 'वठली' या शब्दाला पुरं वजन येतं. साताऱ्याच्या मातीतल्या माणसानं तमिळांचा कवी त्यांच्यापुढे उभा करावा आणि तो वठावा, ही केवढी गोष्ट आहे!

१९९९ च्या 'शूल'मधला बच्चू यादव वेगळा. बिहारमधला राजकारणी गुंड. त्याचं मूळ चित्र आपल्याकडे नाही, ताडून बघायला काही नाही. तो नटानं एकेक छटा चढवत उभा केलाय. तिथं मराठीत नेमका शब्द आहे 'रंगवला'. खलनायक रंगवतात. निळूभाऊ फुल्यांनी गावोगावचे पुढारी रंगवले, आणि असे रंगवले की बायाबापड्या त्यांना खरोखरच वाईट माणूस समजत. 'रंगवणे'त नटाची मौज असते, 'वठवणे'त त्याची शिस्त.

'साकारली' हा छापील शब्द आहे. आकार दिला, एवढंच तो सांगतो. बरावाईटपणा त्यात नाही, म्हणून बातमीला सोयीचा. 'निभावली' म्हणजे कशीबशी पार पाडली, अशी छटा माझ्या कानाला तरी लागते, त्यामुळे कौतुकात तो शब्द मला बोचतो. 'भूमिकेला न्याय दिला' आता इतकं वापरून झालंय की त्यातून काहीच कळत नाही. आणि 'भूमिका घेतली' जपून वापरा. नटानं भूमिका घेतली म्हटलं की हल्ली लोकांना आधी वाटतं, कुठल्या तरी प्रश्नावर त्यानं मत मांडलं.

पण खरं सांगू का, नाक्यावर यातलं काहीच बोललं जात नाही. तिथं म्हणतात, "काय काम केलंय लगा!" आणि हा 'काम' शब्द मला या सगळ्यांहून मोठा वाटतो. आमच्या सांगलीकडं विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. त्या काळातल्या नाटकमंडळ्यांत राक्षसपार्टी होती, स्त्रीपार्टी होती, म्हणजे राक्षसांची, स्त्रियांची कामं करणारे नट. पुढं गावोगावच्या जत्रेतल्या नाटकांत तोच शब्द 'पार्ट' म्हणून राहिला. माझे चुलते जत्रेत राजापार्ट करायचे. त्यांना कुणी 'अभिनेता' म्हटलं असतं तर त्यांनी मागं वळून बघितलं असतं, दुसरं कोण उभं आहे का ते. नाटक संपल्यावर बायका आईला येऊन सांगायच्या, "भाऊजींनी काम झ्याक केलं हो." तेवढ्यात सगळं यायचं.

त्यामुळे 'काम' हा शब्द गावठी समजून टाकू नका. नट शेतकऱ्यासारखा, सुतारासारखा काम करतो, हे त्यात गृहीत आहे. अभिनय म्हणजे चेहरा, आवाज, हालचाल. कामात हे सगळं येतं आणि घामही येतो.

राहिला मूळ वाद. माझ्या कानाला बच्चू यादव रंगवलेला आहे आणि भारती वठलेले आहेत. पल्लमचं मी पहिल्या मित्रांच्याच शब्दात सांगेन. जंगलात टोळी घेऊन फिरणारा तो कमांडर पडद्यावर दिसतो तेव्हा नट आठवत नाही, पल्लमच दिसतो. भूमिका वठलीय. आणि लिहिताना ठ.