गाठी मारणारी बोटे आणि मेंदूतील नकाशा

प्रश्न : माझे वडील चादरीच्या यंत्रमागावर ताण्याची तुटलेली टोके जोडण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. डोक्याशी चुंबक धरून बोट हलवता येते आणि त्यावरून मेंदूतील बोटांच्या जागेचा नकाशा काढता येतो, असे वाचनात आले. तसे असेल, तर वडिलांच्या मेंदूत ही जागा मोठी आढळेल काय? या प्रयोगात धोका तर नाही ना?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : बोट हलते हे खरे, परंतु चुंबक ते ओढून घेत नाही. डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर प्रचंड विद्युतप्रवाह सोडला की एक मिलिसेकंदापेक्षाही कमी काळ टिकणारे, साधारण दीड ते दोन टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. कवटी त्याला अडवत नाही. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेल्या नियमानुसार हे बदलते क्षेत्र मेंदूच्या पृष्ठभागात वीज उत्पन्न करते आणि मोटर कॉर्टेक्समधील (मेंदूच्या हालचाली घडवणाऱ्या भागातील) चेतापेशी उद्दीपित होतात. थेट विजेचा झटका देऊन हे 1980 मध्ये साधले होते, पण तो झटका वेदनादायक असे. शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये चुंबकीय पद्धत दाखवली, तेव्हा ती अडचण दूर झाली.

अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यातील स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवलेले असतात. वेटोळ्यातून ‘टक्’ असा आवाज येतो आणि सुमारे 20 मिलिसेकंदांनी पडद्यावर स्नायूतील विजेची लहर उमटते. हात सैल असताना दहापैकी निदान पाच ठोक्यांना (म्हणजे वेटोळ्यातून सोडलेल्या क्षणिक चुंबकीय धक्क्यांना) 50 मायक्रोव्होल्टची लहर उमटवणारा सर्वांत सौम्य ठोका म्हणजे त्या व्यक्तीचा उंबरठा. चिमूट किंचित आवळली तरी लहर एकदम मोठी होते, त्यामुळे हात खरोखरच सैल आहे ना, हे सतत पाहावे लागते. नंतर वेटोळे थोडे थोडे सरकवत कोठे लहर उमटते आणि कोठे नाही, हे टिपत गेले की आपण म्हणता तो नकाशा तयार होतो.

धोक्याविषयी : एकेरी ठोक्यांची ही पद्धत निरोगी माणसासाठी बरीच सुरक्षित मानली जाते, आवाजामुळे कानात बोळे मात्र घालावे लागतात. फेपरे येण्याचा पूर्वेतिहास, डोक्यात धातूचा तुकडा, कानातील कॉक्लियर इम्प्लांट किंवा पेसमेकर असल्यास ते आधीच सांगायला हवे.

आता वडिलांच्या बोटांविषयी. 1995 मध्ये मेंदू-संशोधक पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी पियानो न येणाऱ्यांकडून पाच दिवस रोज दोन तास पाच बोटांचा सराव करून घेतला, तेव्हा बोटांच्या स्नायूंचा नकाशा विस्तारला आणि उंबरठा खाली आला. येथे जागा वाढली याचा अर्थ मेंदू फुगला असा नव्हे; पूर्वी जेथून प्रतिसाद मिळत नव्हता, तेथूनही तो मिळू लागला, इतकाच. वडिलांची मोजणी केल्यास नकाशा मोठा निघूही शकेल, पण त्यावरून त्यांच्या हाताची सफाई मोजू नये, असे माझे मत आहे, कारण त्याच प्रयोगात ज्यांनी बोट न हलवता केवळ मनात सराव केला, त्यांचाही नकाशा जवळजवळ तेवढाच वाढला, हात मात्र तेवढा बसला नाही.