पौलाच्या पत्रातला ‘आर्सेनोकोइतेस’

प्रश्न असा आला आहे: बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६:९) देवाच्या राज्याचं वतन न मिळणाऱ्यांची यादी आहे. तिच्यातल्या एका शब्दासाठी काही बायबलांत ‘समलिंगी’ छापलंय, काहींत दुसरंच काही. मग मूळ शब्दाचा अर्थ काय?

मूळ ग्रीक शब्द ‘आर्सेनोकोइतेस’. फोड सरळ आहे. ‘आर्सेन’ म्हणजे नर आणि ‘कोइते’ म्हणजे शेज. आपल्या ‘शेज’प्रमाणेच ‘कोइते’चा अर्थही अंथरुणावरून शरीरसंबंधाकडे सरकतो. पौलाआधीच्या उपलब्ध ग्रीक लेखनात हा शब्द सापडत नाही. मग तो आला कुठून? बहुतेक अभ्यासक जुन्या करारातल्या लेवीय २०:१३ कडे, म्हणजे पुरुषाने पुरुषाशी संभोग करण्याला मनाई करणाऱ्या वचनाकडे, बोट दाखवतात. यहुद्यांच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तिथे ‘आर्सेनोस कोइतेन’ हे शब्द अगदी लागून येतात. डेव्हिड राइट यांनी १९८४ मध्ये हा संबंध सविस्तर मांडला. मला तो पटतो.

पण इथे आपल्याच व्याकरणपरंपरेतली एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश खुडून आणणारा. आज कुशल कारागिराशी गवताचा काही संबंध उरलेला नाही. योगार्थ (फोडीतून निघणारा अर्थ) कळला म्हणजे रूढार्थ (वापरातला अर्थ) कळला असं होत नाही. अभ्यासक डेल मार्टिन यांचा आक्षेप नेमका हाच आहे: नंतरच्या काही जुन्या याद्यांत हा शब्द चोरी, खून, फसवणूक अशा अन्यायांच्या रांगेत बसतो, तेव्हा त्यात शोषणाचा अर्थ असू शकतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही (१:१०) त्याच्या लगेच पुढे येतात ते माणसं पळवून विकणारे. रॉबिन स्क्रॉग्ज यांनी १९८३ मध्ये या शेजाराला महत्त्व दिलं आणि इथे प्रौढ पुरुषांनी पोरांचा उपभोग घेण्याची चाल अभिप्रेत आहे असं मांडलं. लूथरच्या जर्मन बायबलातही ‘मुलांना भ्रष्ट करणारे’ अशाच अर्थाचा शब्द आहे. याउलट रॉबर्ट गॅग्नन यांच्यासारखे परंपरेच्या बाजूचे अभ्यासक म्हणतात की लेवीयातल्या आज्ञेत वयाची किंवा जबरदस्तीची अट नाही, आणि शिक्षा दोघांनाही सांगितली आहे; म्हणून पौलाचा निषेधही सरसकट आहे. हा मुद्दा वजनदार आहे.

करिंथकरांच्या यादीत या शब्दाच्या अगदी आधी ‘मालाकोइ’ येतो. ‘मालाकोस’ म्हणजे मऊ. मत्तय ११:८ मध्ये तो कपड्यांसाठी वापरलाय. माणसाला लावला की चैनबाज, भित्रा, मनावर ताबा नसलेला, बायकी, संभोगात ‘स्त्रीची’ भूमिका घेणारा अशा बऱ्याच छटा येतात. १९४६ च्या एका इंग्रजी नव्या कराराने हे दोन्ही शब्द एकत्र करून एकच ‘होमोसेक्शुअल्स’ ठेवला. माझ्या मते ही ठळक चूक होती. तो शब्दच मुळी १८६९ मधला, कार्ल मारिया कर्टबेनी यांनी छापात आणलेला, आणि त्यातून माणसाचा कल कळतो, मग त्याने काही केलेलं असो वा नसो. पौल कृतीबद्दल बोलतोय. त्या एका शब्दामुळे आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळणारा समलिंगी ख्रिस्तीही यादीत गेला. त्याच भाषांतराच्या १९७१ च्या आवृत्तीत तो शब्द काढला, पण जागी आलेला ‘लैंगिक विकृत’ या अर्थाचा शब्दप्रयोग त्याहून बरा नव्हता.

रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात (१:२६-२७) हा शब्द नाही, तरी वादाचं खरं वजन तिथे आहे. तिथे स्त्रियांचाही उल्लेख आहे आणि पुरुष ‘एकमेकांविषयी’ कामातुर झाले असं म्हटलंय. म्हणून केवळ पोरांच्या शोषणाचा खुलासा तिथे पुरत नाही. शिवाय पौल स्त्री-पुरुषांसाठी नेहमीचे शब्द सोडून ‘नर-मादी’ वापरतो, म्हणजे उत्पत्ती १:२७ मधली जोडी. परंपरेचे वाचक इथे निर्मितीचाच नियम पाहतात. दुसरे वाचक प्रकरणाचा ओघ दाखवतात: आधी मूर्तिपूजा, मग बेताल वासना. शिवाय ‘निसर्गाविरुद्ध’ असं भाषांतर होणारा ‘पारा फिसिन’ हा शब्दप्रयोग याच पत्रात ११:२४ मध्ये पौल देवाच्याच कृतीसाठी वापरतो, रानटी जैतुनाची फांदी बागेतल्या झाडावर कलम करण्याबद्दल; म्हणजे तो दर वेळी निषेधाचाच असतो असं नाही.

प्रश्नामागे एक गृहीत दिसतं, की शब्दाचा अर्थ लागला म्हणजे वाद मिटेल. तसं नाही. अभ्यासक विल्यम लोडर मान्य करतात की पौलाने असे सगळेच संबंध नाकारले. तरीही आजच्या चर्चने समलिंगी जोडप्यांना स्वीकारावं असं ते म्हणतात. दुसरे अभ्यासक रिचर्ड हेज यांनी १९९६ मध्ये परंपरेची बाजू मांडली होती. २०२४ मध्ये, मुलगा क्रिस्टोफर यांच्यासोबत लिहिताना, त्यांनी भूमिका बदलली, पण या वचनांचा नवा अर्थ लावून नव्हे. संपूर्ण बायबलात देवाची दया कशी विस्तारत जाते, या आधारावर.

म्हणून भाषांतरापुरतं माझं उत्तर: ‘आर्सेनोकोइतेस’साठी ‘पुरुषांशी संभोग करणारे पुरुष’ असं साधं लिहावं, ‘मालाकोइ’ त्यात न मिसळता वेगळा ठेवावा, आणि दोहोंखाली टीप द्यावी. ‘समलिंगी’ हा शब्द मात्र तिथे नको.