संपाची नोटीस, समेटाच्या तारखा आणि गेटवरची सही

चाकणला तुमच्या युनियनने संपाची नोटीस दिली आहे, एचआरवाले एकेकाला केबिनमध्ये बोलावून 'बाहेर बसलात तर नोकरी गेली समजा' म्हणतात आणि घरचे घाबरलेत, असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः भोसरीत एकोणीस वर्षं मशीनवर काढली, त्यातली सात युनियनच्या कमिटीवर. कायदेशीर संपात भाग घेतला एवढ्यावरून कामावरून काढता येत नाही. संपाच्या काळातही तुम्ही कंपनीचे कामगारच असता. संप बेकायदा ठरला तरी चौकशी न करता सरसकट सगळ्यांना घरी पाठवता येत नाही.

पण संप कायदेशीर राहील याची काळजी आत्ताच घ्यावी लागेल. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यात नोटिशीनंतर 14 दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस दिल्यापासून 60 दिवसांच्या आत संप सुरू व्हावा लागतो. नोटिशीची पोच कमिटीकडून मागून बघा. खरी चूक होते ती पुढे. कामगार खात्याच्या अधिकाऱ्याने समेटाची पहिली बैठक घेतली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात. ती संपेपर्यंत आणि संपल्यावर 7 दिवस संप करता येत नाही. म्हणून पंधरावा दिवस उजाडला की गेटबाहेर, असा हिशोब करू नका. कामगार खात्याच्या वाकडेवाडीच्या ऑफिसात समेटाची शेवटची तारीख कधी झाली, तिथे काय नोंदलं गेलं, ते आधी विचारा. बेकायदा संपात कामगाराला 1,000 ते 10,000 रुपये दंड, महिनाभरापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

'संप नको, सगळे मिळून सुट्ट्या टाकू' असं कुणी सुचवत असेल तर ऐकू नका. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी आता तो संपच.

पगार धरून चालू नका. संप कायदेशीर आणि समर्थनीय, दोन्ही असेल तरच संपकाळाचा पगार मिळतो, असं सुप्रीम कोर्टाने 1994 साली सिंडिकेट बँकेच्या खटल्यात सांगितलंय. ते सिद्ध करण्यात वर्षं जातात. दोन महिन्यांचं रेशन आणि मुलांची फी आजच बाजूला काढा.

आता गेटवर मागतात त्या सहीबद्दल. आमचा संप मिटला त्या सकाळी गेटवर टेबल मांडलं होतं. हमीपत्रावर सही करा आणि आत जा. माझ्या लाइनवरच्या एका पोराने न वाचता सही केली. त्यात 'मी बेकायदा संपात सामील होतो' असं वाक्य होतं. चार महिन्यांनी चौकशीत तोच कागद त्याच्यापुढे ठेवला. कायदेशीर संपानंतर असं चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र लिहून मागणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. बेकायदा नसलेल्या संपात नवी भरती करणं हीसुद्धा. सही न करता 'मी कामावर हजर व्हायला आलो, मला आत घेतलं नाही' असं त्याच दिवशी स्पीड पोस्टने कळवा आणि पावती जपून ठेवा.

तुमच्या लाइनवर अॅप्रेंटिस मुलं असतील तर त्यांना गेटवर बसवू नका. कायद्याने ती कामगार धरली जात नाहीत, वर सांगितलेलं संरक्षण त्यांना नाही. आम्ही जोशात तिघांना बसवलं होतं. आमचा करार झाला, आम्ही आत गेलो, ते तिघं बाहेरच राहिले.