प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन यांत फरक काय? पान्हा कशामुळे फुटतो?

प्रोलॅक्टिन दूध तयार करतं आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर सोडतं; पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे. दोन्ही संप्रेरकं मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतात. बाळ ओढायला लागलं की ऑक्सिटोसिनमुळे स्तनातल्या बारीक दूधपिशव्यांभोवतीच्या स्नायूंसारख्या पेशी आवळतात आणि दूध नलिकांतून पुढे ढकललं जातं. म्हणूनच बाळ आधी भराभर, उथळ चोखतं आणि मग संथ, खोल घोट घेऊ लागतं; कान दिला तर गिळल्याचा आवाजही येतो. बाळाच्या नुसत्या रडण्यानेही पान्हा फुटू शकतो, उलट दुखत असेल किंवा मनावर ताण असेल तर तो लांबतो. तेव्हा ‘दूधच नाही’ असं घाईने ठरवू नका, अनेकदा दूध असतं, उतरायला वेळ लागतो. मात्र काही जणींना पान्हा फुटल्याचं अजिबात जाणवत नाही, म्हणून त्या जाणिवेवर न जाता बाळाकडे बघा: पाचव्या दिवसानंतर २४ तासांत लघवी ६ पेक्षा कमी वेळा होत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.