नरक्यासारखंच समुद्रातही होणार का?

प्रश्न : माझ्या लहानपणी आमच्या रानातली नरक्याची झाडं तोडून पोत्यांनी गेली. कॅन्सरच्या औषधाला लागतो, एवढंच कानावर आलं. परवा गोव्याहून आलेला भाचा सांगत होता, आता समुद्रात प्रवाळांच्या खडकांवर औषधं शोधतात. मग तिथंही पोतीच भरणार ना?
— एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : जांबोटी वाचून बरं वाटलं. मी शहापूरची. गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं समुद्री नमुने सांभाळले. चोर्ला घाटानं जाता-येता तुमच्याच गावात चहा व्हायचा.

पाहणीत पोती भरत नाहीत हो. पाणबुड्या तळहाताएवढा तुकडा कापतो, बाकीचा जीव खडकाला तसाच सोडतो. कापायच्या आधी फोटो, खोली, जागा. पिशवीचं तोंड पाण्यातच बंद करायचं, वर आल्यावर बर्फात. बघायचं कुणाकडं? जो जागचा हलत नाही, अंगावर कवच नाही, तरी बहुतेक मासे तोंड लावत नाहीत, त्याच्याकडं. स्पंज नावाचा समुद्रातला जीव तसाच. त्याच्या अंगात काहीतरी जहाल असणार, हा पहिला अंदाज.

माझ्या पहिल्याच खेपेला मी चिठ्ठ्या बॉलपेननं लिहिल्या. नमुने अल्कोहोलात टाकले आणि सकाळी बघते तर शाई विरघळून गेलेली! केशरी स्पंज रात्रीत मळकट तपकिरी झालेला, चिठ्ठी कोरी. कुठला, किती खोलीवरचा, काही कळेना. चौदा नमुने फेकले. तेव्हापासून पेन्सिल. (साहेब ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.)

मग त्याचा अर्क काढून कॅन्सरच्या पेशींवर, जंतूंवर टाकून बघतात. बहुतेक वेळा काहीच होत नाही. कधीतरी लागतं: फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजात १९५०च्या सुमारास सापडलेल्या रसायनांवरून सायटाराबीन घडलं, १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्ताच्या कॅन्सरला ते आजही देतात.

तुमची शंका खरी ठरते ती यानंतर. औषध लागलं, आता माल कुठून आणायचा? न्यूझीलंडजवळ एका जातीचा टनभर स्पंज काढला, त्यातून कॅन्सरच्या पेशी मारणारं हॅलिकॉन्ड्रिन हे रसायन मिळालं सुमारे ३०० मिलिग्रॅम. चिमूटभरही नव्हे! असं चाललं असतं तर तुमच्या रानासारखीच गत झाली असती. पण रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूचा कामाचा भाग ओळखून तेवढाच कारखान्यात बनवला. तेच एरिब्युलिन, स्तनाच्या कॅन्सरवरचं, २०१० पासून. सायटाराबीनही कारखान्यातच बनतं. शंखातल्या विषावरून घेतलेलं, असह्य वेदनांवरचं झिकोनोटाइड, २००४ चं, तेही तसंच; ते मात्र पाठीच्या कण्यात द्यावं लागतं.

नरक्याचं दुर्दैव वेगळं. त्यातलं कॅन्सरच्या औषधाला लागणारं रसायन, कॅम्प्टोथेसिन, झाडातून काढणंच स्वस्त पडतं, म्हणून कुऱ्हाड थांबली नाही. त्याची लागवड करा म्हणून मी माहेरी सांगून थकले.

भाचा मालवणला पाण्यात उतरणार असेल तर एवढं सांगा: प्रवाळाचा तुकडाही उचलू नको म्हणावं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ते, वाघाच्या पंगतीत.